पोलिसांना कुणी सांगितलं

रेनेलला मी तीनदा हाकललं. एकदा फोनवर, एकदा चर्चच्या पायऱ्यांवर आणि एकदा माझ्याच दारातून, ती घरी केलेला लिंबाचा केक घेऊन आली होती तेव्हा. केक ठेवून घेतला आणि तिला घालवलं. माझ्या जिभेला हाड नाही असं अख्खं कोर्बिन्स फोर्ड गाव म्हणतं, आणि ते काही खोटं नाही. एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. चारशे पोरांना रोज वाढायचं तर गोड बोलून भागत नाही. ही रेनेल हॉलोवेसुद्धा त्याच रांगेतली. ताटातले वाटाणे गुपचूप टेबलाखाली टाकायची आणि मी तिला ते परत वाढायचे. आता ती गावच्या वाचनालयाची मुख्य झाली आहे आणि मला इतिहास सांगायला लावणार होती.

तिचं म्हणणं एवढंच होतं की १९६१ साली आमची सहा काळी पोरं प्रुएटच्या औषधाच्या दुकानात जाऊन तिथल्या कॉफी-आइस्क्रीमच्या, फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या काउंटरवर बसली, हे गावात कुणालाच धड माहीत नाही. शाळेतल्या मुलांना दूरच्या मोठमोठ्या शहरांतले मोर्चे तारखेसकट पाठ आहेत. आपल्या मुख्य रस्त्यावर काय झालं ते विचारलं तर खांदे उडवतात. प्रुएटचं दुकान केव्हाच गेलं, तिथे आता मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. त्या भिंतीवर एक पितळी पाटी लावायची, वाचनालयात फोटो आणि कागद मांडायचे आणि जूनमधल्या एका रविवारी चर्चमध्ये कार्यक्रम करायचा, असा तिचा बेत. त्या सहांतला एक माझा थोरला भाऊ, ल्यूशस. तो जाऊन चार वर्षं झाली. त्याचे फोटो माझ्याकडे होते, आणि बहीण म्हणून मी चार शब्द बोलावेत असं तिच्या मनात होतं.

मी म्हटलं, जुनी मढी कशाला उकरतेस बाई, तुला पुस्तकं लावायचा पगार मिळतो ना, ती लाव.

मी एकटीच अशी होते असं नाही. माझ्या पलीकडच्या गल्लीतल्या मिस यूला (मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने मिसच म्हणतात, लग्न झालेलं असो वा नसो), वय शहाऐंशी, त्यांनी तर रेनेलला दारच उघडलं नाही. केस कापणाऱ्या हॉसीने तिला येताना पाहून दुकानाच्या काचेवरची पाटी 'बंद'कडे फिरवली म्हणे, आत खुर्चीत गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं असताना. रेनेल रडकुंडीला आली होती. आपल्याच शौर्याची गोष्ट सांगायला गावातली म्हातारी माणसं एवढी का बिचकतात, हे तिला उमगत नव्हतं. बाकीच्यांचं मला ठाऊक नव्हतं. माझं मला ठाऊक होतं. पोलिसांपर्यंत ती बातमी मी पोहोचवली होती.

तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई मिसेस हॅलिडेकडे कामाला जायची आणि शाळेला सुट्टी लागली की मला बरोबर न्यायची. गुरुवार हा इस्त्रीचा दिवस. त्या गुरुवारी आईने आमच्या घरचाही एक कपडा टोपलीत घातला होता, ल्यूशसचा रविवारचा पांढरा शर्ट, कारण हॅलिडेबाईंची इस्त्री आमच्यापेक्षा चांगली तापायची. मागच्या ओसरीवर बाई शेंगा सोलत बसल्या होत्या आणि मला त्यांनी हाताशी घेतलं होतं. दारातून आतली आई दिसत होती, पाठमोरी, काहीतरी गुणगुणत शर्टाची कॉलर दाबत असलेली. बाईंनी सहज विचारलं की रविवार तर लांब आहे, मग हा शर्ट कुणाचा आणि कशासाठी.

मी गप्प बसले असते तर काय बिघडलं असतं? पण ल्यूशस आणि त्याचा मित्र रुडेल कोंबड्यांच्या खुराड्यामागे काय कुजबुजत होते ते मी चोरून ऐकलं होतं आणि ते पोटात मावत नव्हतं. छाती फुगवून सांगून टाकलं, "शनिवारी माझा भाऊ प्रुएटच्या काउंटरवर बसून कॉफी पिणार आहे."

बाईंचे हात थांबले. त्यांनी मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या. मला एक पेपरमिंटची गोळी दिली आणि आत गेल्या. मग टेलिफोनची तबकडी फिरल्याचा आवाज आला. बाईंचा दीर गावच्या पोलिसांचा प्रमुख होता, हे मलाही माहीत होतं.

शनिवारी अकरा वाजता सहाही जण सणाच्या कपड्यांत प्रुएटच्या दुकानात शिरले, तर पाच शिपाई आधीच आत उभे. बाहेर रस्त्यावर टोळकं जमलेलं. पोरं बसली, कॉफी मागितली. रुडेलने व्हॅनिला आइस्क्रीम मागितलं, कारण लहानपणापासून ते त्याने काचेबाहेरूनच पाहिलं होतं. ल्यूशसने डावा हात काउंटरवर ठेवला होता. शिपायाची काठी त्या हातावर बसली आणि करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मोडलं. तुरुंगातले तीस दिवस भोगून तो घरी आला तोवर बोटं वाकडीच जुळली होती. सप्टेंबरात तो संगीताच्या कॉलेजात जाणार होता, पियानो शिकायला. ते राहूनच गेलं.

त्या शनिवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात बायका जमल्या होत्या. सगळ्यांच्या तोंडी एकच, की पोलीस आधी येऊन उभे होते म्हणजे आपल्यातल्याच कुणीतरी चहाडी केली. अशा माणसाच्या जिभेला किडे पडोत, असं कुणीतरी म्हणालं. मी कोपऱ्यात बशी पुसत उभी होते. ती एकच बशी मी किती वेळ पुसत राहिले कोण जाणे.

पुढे ल्यूशस उत्तरेला गेला, मोटारींच्या कारखान्यात बारा वर्षं राबला आणि परत आला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारं कुणी नव्हतं, तर हा बसला. आठ बोटांनी वाजवायचा. मी गायकांच्या दुसऱ्या ओळीत, त्याच्या बरोबर डाव्या हाताला उभी. जिथे ती दोन बोटं लागायची तिथे तो सूर सोडून पुढे उडी घ्यायचा. लोकांना ती त्याची लकब वाटायची, कौतुक करायचे. मला दर रविवारी तो गाळलेला सूर ऐकू यायचा. हे चाळीस वर्षं चाललं, सांगा आता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. ल्यूशस कधी जेवताना म्हणाला, "व्हर्डेल, तुला त्या शनिवारची एक गंमत सांगतो," की मी उठलेच. चुलीवर काहीतरी लागलेलं असायचं, नाहीतर दारात कुणीतरी आलेलं असायचं. एकदा तर मी त्याच्यावर खेकसले की माझ्या घरात तो विषय नको. त्याने आपल्या मुलीचं नाव माझ्यावरून ठेवलं, आणि मी त्याला आयुष्यात एक वाक्य सांगू शकले नाही. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो मला सरळ बाई समजूनच गेला.

एप्रिलात एका सोमवारी सकाळी रेनेलचा फोन आला. मी ठेवणारच होते, पण ती घाईघाईने म्हणाली, "मिस व्हर्डेल, एक कागद सापडलाय. पोलिसांना आधी कसं कळलं ते त्यात आहे. तुमच्या घरातलं नाव आहे त्यात. भिंतीवर लावायच्या आधी तुम्हाला दाखवायलाच हवा."

मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. हॅलिडेबाईंच्या दिराने लिहून ठेवलं असणार, अमक्या कामवाल्या बाईच्या धाकट्या पोरीने सांगितलं म्हणून. आता ते काचेत लावणार. शाळेतली पोरं ओळीने येऊन वाचणार. ल्यूशसची मुलगी, माझ्या नावाची, ती वाचणार. चौसष्ट वर्षं झाकलेली मूठ आता उघडणार, आणि तीही मी जिवंत असताना. त्यापेक्षा ल्यूशसच्या आधी मी गेले असते तर बरं झालं असतं, असंही मनात आलं.

रविवारची टोपी घातली आणि गाडी काढली. वाटेत ठरवत होते, आधी चांगली फैलावर घ्यायची. त्याने भागलं नाही तर खोटं बोलायचं. तेही जमलं नाही तर पाया पडायचं. वाचनालय माझ्या घरापासून सात मिनिटांवर आहे, पण दोनदा वळण चुकले.

रेनेलने मला आतल्या खोलीत बसवलं आणि दार लावलं. फैलावर घेण्याइतका दम माझ्यात उरलाच नव्हता. मी सरळ सौद्यावर आले. म्हटलं, ल्यूशसचे सगळे फोटो देते, त्याची भजनांची वही देते, तुरुंगातून लिहिलेली पत्रं देते, तू म्हणशील तिथे उभी राहून बोलते. हा एक कागद तेवढा लावू नकोस.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "पण मिस व्हर्डेल, यात लाजण्यासारखं काय आहे? मला तर अभिमान वाटला." असं म्हणून तिने कागद माझ्यापुढे सरकवला.

अक्षर ल्यूशसचं होतं. माझ्या भावाचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. पोलीस प्रमुखांना पत्र होतं. येत्या शनिवारी, दहा जूनला, सकाळी अकरा वाजता आम्ही खाली सही करणारे सहा जण प्रुएट यांच्या दुकानातल्या काउंटरवर बसून कॉफी मागणार आहोत. आमच्याजवळ कसलंही हत्यार नसेल. कुणी मारलं तरी आम्ही हात उगारणार नाही, उलट बोलणार नाही. आपल्याला आधी कळावं म्हणून हे लिहीत आहोत. खाली सहा सह्या, पहिली ल्यूशसची. रेनेल सांगत होती की पोलिसांचे जुने कागद राज्याच्या दफ्तरखान्यात जाऊन पडले होते, तिथून तिने आठ महिने मागे लागून ही नक्कल मिळवली. तिचं निम्मं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. कागदाच्या कोपऱ्यात शिक्का होता, पत्र मिळाल्याचा. सात जून.

मी विचारलं, "सात जूनला वार कोणता होता?"

तिने फोनवर पाहिलं. बुधवार. मी म्हटलं, परत बघ. तिने परत पाहिलं. बुधवारच. मी म्हटलं, त्या यंत्राचा भरवसा नाही, बोटांवर मोज. त्या पोरीने माझ्यासमोर बसून शनिवार दहा जूनपासून उलटं बोटांवर मोजलं. शनिवार दहा, शुक्रवार नऊ, गुरुवार आठ, बुधवार सात.

"मी गुरुवारी सांगितलं होतं," मी म्हणाले. चौसष्ट वर्षांत पहिल्यांदा ते तोंडाबाहेर पडलं, आणि तेही वाटाणे टाकणाऱ्या पोरीसमोर.

मग सगळंच सांगितलं. शर्ट, शेंगा, पेपरमिंट, टेलिफोन. बोलता बोलता माझा जीव भांड्यात पडत गेला. मी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, पाणी मागितलं, तीन पेले प्यायले. एकदम भूक लागली. रेनेलने स्वतःचा जेवणाचा डबा पुढे केला तर त्यातलं निम्मं सँडविच मी खाऊन टाकलं. ती रडत होती. मी म्हटलं, तू कशाला रडतेस, रडायचं तर मी, आणि मला मुळीच रडू येत नाहीये. खरंच येत नव्हतं. छातीवरचा धोंडा कुणी उचलला की माणूस आधी श्वास घेतो. बाकी सगळं नंतर.

नंतर आला तो संताप. वाचनालयातून निघाले ती थेट रुडेलकडे. त्या सहांतला तोच एक उरलाय, ऐंशी वर्षांचा, चर्चची व्यवस्था पाहणारा डीकन. चालायला लोखंडी चौकट लागते, पण कान तिखट आहेत. ओसरीवर झुलत्या खुर्चीत उकडलेले शेंगदाणे खात बसला होता. मी गाडीतून उतरता उतरताच विचारलं, तुम्ही सहा जणांनी पोलिसांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं होतं का.

"लिहिलं की," तो म्हणाला, जसं काही मी त्याला काल काय जेवला ते विचारलं होतं. कॉलेजातून एक मुलगी आली होती, चर्चच्या तळघरात तिने त्यांना आठवडाभर शिकवलं. कसं बसायचं, कुणी तोंडावर थुंकलं तर काय करायचं, खुर्चीवरून ओढलं तर डोकं कसं झाकायचं. आणि चोरून काही करायचं नाही, हा तिचा पहिला नियम. जे करायचं ते आधी समोरच्याला कळवून करायचं. सहाही जणांत ल्यूशसचं अक्षर चांगलं, म्हणून त्याने लिहिलं. रुडेलने पेटीत टाकलं.

मी म्हटलं, आणि हे इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाहीत?

"आमच्या आयांना सांगायचं? तुझ्या आईला? ल्यूशसचा हात मोडून घेऊन आलो आम्ही. पोलिसांना आम्हीच बोलावलं होतं असं तिला कळलं असतं तर तिने दुसरा हात स्वतः मोडला असता." आया जिवंत आहेत तोवर बोलायचं नाही अशी त्यांनी तुरुंगातच शपथ घेतली होती. सगळ्यांत शेवटी माझी आई गेली, चौऱ्याण्णव साली. तोवर न बोलायची सवय लागून गेली होती. "ल्यूशस तुला सांगायला बघायचा," रुडेल म्हणाला. "मला म्हणायचा, व्हर्डेलला सांगायला बसलो की ती उठून जाते. तिला त्या दिवसाचा फार त्रास होतो, जाऊ दे."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. माझ्याच जेवणाच्या टेबलावर माझी सुटका वाढून ठेवली होती आणि मी चुलीकडे पळत होते. मी रुडेलच्या पायरीवर बसले आणि त्यालाही माझं सांगितलं. तो आधी एवढा हसला की शेंगदाण्यांचं भांडं कलंडलं. मग थांबला. खुर्चीतून वाकायला त्याला त्रास होतो, तरी वाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दहा वर्षांची होतीस गं तू," तो म्हणाला. तेव्हा मात्र मला रडू आलं.

जूनच्या दुसऱ्या रविवारी मोबाइलवाल्याच्या भिंतीवर पाटी लागली. शाळेची मुलं आली होती, महापौरबाई आल्या होत्या, ल्यूशसची मुलगी मेरीलँडहून आली होती. मोबाइलवाला भला माणूस, त्याने सगळ्यांना थंड पाणी वाटलं. तिथून सगळे चर्चच्या तळघरातल्या सभागृहात आले, जेवणाआधी भाषणं होती. मिस यूलाही आल्या होत्या, पहिल्या रांगेत, हातातल्या कागदी पंख्याने वारा घेत, तोंड घट्ट मिटून. रुडेलने पत्राची गोष्ट सांगितली आणि मग रेनेलने माइक माझ्या हातात दिला.

मी लिहून आणलं होतं ते पर्समध्येच राहिलं. सरळ सांगितलं, की गुरुवारी हॅलिडेबाईंना मी सांगितलं होतं, आणि या एप्रिलपर्यंत मी हेच धरून चालले होते की माझ्या भावाची बोटं माझ्यामुळे मोडली. तुम्ही त्या दिवशी ज्याच्या जिभेला किडे पडोत म्हणालात ना, ती मी, बशी पुसत उभी होते. भाचीने तोंडावर हात ठेवला होता.

तेवढ्यात मागच्या रांगेत खुर्ची सरकली. केस कापणारा हॉसी उभा राहिला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, हातातली हॅट फिरवत उभा. मग म्हणाला की तो तेव्हा बस थांब्यावर बुटांना पॉलिश करायचा. शुक्रवारी एका शिपायाचे बूट घासता घासता त्याने स्वतःच फुशारकी मारली होती, की उद्या बघाच काय होतंय ते. "आजवर मला वाटत होतं की मीच," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग दारापाशी उभ्या असलेल्या सिस्टर लोरेटाने, चर्चमधल्या बायकांना आम्ही सिस्टरच म्हणतो, हळूच हात वर केला, पांढरा हातमोजा घातलेला. चर्चमध्ये लोकांना जागा दाखवण्याचं काम ती पन्नास वर्षं करतेय, त्या पन्नास वर्षांत तिने कधी मध्ये तोंड उघडलेलं नाही. तिने म्हणे दूधवाल्याला सांगितलं होतं. तो गोरा होता पण बरा वाटायचा. तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

रुडेलने पहिल्या रांगेतून मान वळवून एकेकाकडे पाहिलं. "म्हणजे अख्ख्या गावाने सांगून टाकलं होतं," तो म्हणाला, "मग मी त्या पत्राला तिकीट कशाला लावलं?"

असा हशा त्या तळघराने कधी ऐकला नसेल. हॉसी डोळे पुसत हसत होता, लोरेटा हातमोज्यात तोंड लपवून हसत होती. महापौरबाईंना हसावं की नाही ते कळेना. शाळेतल्या एका पोरीने शिक्षिकेला मोठ्याने विचारलं, ही सगळी माणसं रोज भेटतात ना, मग एकमेकांशी बोलली का नाहीत. गावाला आपला इतिहास माहीत नव्हता तो असा. ज्याला त्याला वाटत होतं की तो उघडला तर आत आपलंच नाव निघेल.

ताटं वाढायला सुरुवात झाली. तळलेलं चिकन, मॅकरोनी, पालेभाजी, रताळ्याचा गोड पदार्थ, सगळ्यांची झुंबड उडाली होती. मी मोकळी, हलकी, दोन माणसांचं जेवेन अशी, रांगेकडे निघाले होते. तेवढ्यात कुणीतरी माझं कोपर पकडलं. मिस यूला. संबंध सभागृहात त्या एकट्याच हसल्या नव्हत्या. मला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

"तुझी आई त्या शनिवारी दिवेलागणीला माझ्याकडे आली होती," त्या म्हणाल्या. हळू बोलत होत्या, म्हणून मला वाकावं लागलं. "मला म्हणाली, यूला, ते मी सांगितलं. इस्त्री करता करता माझ्या तोंडून हॅलिडेबाईंसमोर निघून गेलं. उद्या कुणी माझ्या घराकडे बोट दाखवलं, पोरांचं नाव घेतलं, तर तू ठासून सांग की ऑगस्टानेच सांगितलं, तिने स्वतः कबूल केलं."

आई तर पाठमोरी होती. गुणगुणत होती.

मिस यूला थांबल्या नाहीत. "मी तिला तेव्हा नाही नाही ते बोलले. स्वतःच्या पोराचा घात केलास म्हणाले. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं. सोमवारी तिने हॅलिडेंचं काम सोडलं, गुडघे दुखतात असं सांगितलं आणि धुलाईच्या कारखान्यात गेली. तिथे दिवसभर उभं राहावं लागायचं. कसले गुडघे दुखतात? मी कुणाला कधी सांगितलं नाही, शब्द दिला होता. रेनेल आली तेव्हा दार उघडलं नाही ते त्याचसाठी. पण व्हर्डेल, मी तिच्या शेजारी राहिले, तिच्या हातचं खाल्लं, तिला खांदा दिला, आणि मनातून तिला माफ मात्र कधी केलं नाही." त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आता खरं सांग. तिने नव्हतं सांगितलं ना?"

"नाही, मिस यूला," मी म्हटलं. "माझी आई एक शब्द बोलली नव्हती."

तिने ऐकलं होतं. इस्त्री हातात धरून तिने माझं सगळं बोलणं ऐकलं, आणि मला त्याबद्दल चापट नाही, टोमणा नाही, कधी एक नजरसुद्धा दिली नाही. मी कोपऱ्यात बशी पुसत होते तेव्हा त्या बायकांमध्ये ती बसली होती, आणि मग उठून शेजारी जाऊन माझं पाप स्वतःच्या नावावर चढवून आली होती. तेहतीस वर्षं ते घेऊन जगली. पत्राचं तिला कधीच कळलं नाही. मिस यूला रडत होत्या आणि हसतही होत्या. देवा, सुटले रे, असं पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या.

मी जेवणाची रांग सोडली. रेनेल ताट घेऊन बसत होती, तिला उठवलं. माइक परत चालू करायला लावला. लोक माना वळवून बघायला लागले, म्हातारीचं अजून काय राहिलंय म्हणून. मी म्हटलं, खात राहा, पण ऐका, आणि रेनेल, तू लिहून घे. सहा नावं पाटीवर लागली ती बरोबरच आहेत. वाचनालयात आज अजून एक नाव लागायला हवं.

रेनेलने हाताला लागलेलं लोणी पुसलं आणि पेन शोधलं. मी आईचं नाव सांगितलं, ऑगस्टा टिलरी, दोनदा, सावकाश, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात.